कोंबडी, शेळी आणि शेवटची ओळ

मूंटा, दक्षिण ऑस्ट्रेलिया
७ मार्च १९२१

प्रिय लव्हडे,

शेजारच्या मिसेस हॉकिंगच्या पुतण्याने सिडनीहून एका वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं. त्या ते ॲप्रनखाली लपवल्यासारखं घेऊन आल्या, कारण त्यावर थिएटरच्या जाहिराती होत्या आणि चॅपलच्या वाटेवर आमचे सगळे धर्मवीर उभे होते. मी चष्मा लावून वाचलं. ‘मिस लव्हडे ट्रेगिअर यांच्या “फाटकापाशी” या कवितेला प्रेक्षकांनी थिएटर डोक्यावर घेतले. काही प्रेक्षकांना तर बाहेर नेऊन पाणी पाजावे लागले.’

पोरी, मी खुर्चीत बसलो तो उठलोच नाही. चुलीवरचा चहा आटून गेला.

इतकं झालं? पाणी पाजावं लागलं? ती कविता तुझी आई गेली त्या हिवाळ्यात मी फळ्याच्या खडूने स्वयंपाकघराच्या दारावर लिहिली होती, तुझ्याखेरीज कुणाला ऐकवली नव्हती. आणि आज सिडनीतली अनोळखी माणसं माझ्या जेनिफरसाठी रडतात! मला फक्त एवढं कळव, की रडणं नेमकं कोणत्या ओळीला सुरू होतं? ‘दिवेलागणी होता होता उभी राही ती फाटकाशी’ इथेच, की पुढे? मला वाटतं शेवटच्या ओळीला. ती ओळ मी इथे लिहीत नाही, तुला ठाऊकच आहे. ती म्हणण्याआधी श्वास घे. घाई करू नकोस. लहानपणी तू शेवटाकडे नेहमी पळायचीस, जशी काही शाळा सुटण्याची घंटा झाली आहे.

तुमची मंडळी एप्रिलमध्ये ॲडिलेडला येणार असं त्या कात्रणात खाली बारीक अक्षरात होतं. मी येणार. तुझ्या आईने शिवलेला काळा कोट अजून धड आहे.

बाकी क्षेम. उन्हाने लाल धूळ झाली आहे आणि खाणीचा भोंगाही आता कंटाळल्यासारखा वाजतो.

तुझा,
बाबा

*

सिडनी
१६ मार्च १९२१

प्रिय बाबा,

पत्र मिळालं. तुम्हाला कात्रण कुणी पाठवलं म्हणालात? त्या पुतण्याला देव सुखात ठेवो. दूर कुठेतरी.

तुम्ही विचारलंत, लोक कोणत्या ओळीला... तर तसं ठरावीक काही नाही. हळूहळू चढत जातं.

आधी तुम्हाला इथली पद्धत सांगते, नाहीतर तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी सभागृह, फुलदाणी आणि पाण्याचा तांब्या असेल. आमच्या खेळाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात एकेकटे येतात: एक गाणारी, एक तारेवर चालणारा, एक बाई कुत्र्यांसह. दुसऱ्या भागात सगळ्यांचं मिळून तासाभराचं संगीत प्रहसन. दर आठवड्याला नवं. ते कुठेही लिहिलेलं नसतं. मि. बार्नी कॉइल, आमचे विनोदी नट, सोमवारी सकाळी एका पेटीवर बसतात आणि म्हणतात, “या आठवड्यात आपण जहाजावर आहोत. मी पोलीस. तू विधवा. तू माझी सासू, पण ते मला माहीत नाही. तिसऱ्या गाण्याला इजिप्त.” झालं, नाटक तयार. कोण काय बोलणार ते ज्याचं त्याने बघायचं. पाठ करायचा असतो तो फक्त इशारा, म्हणजे कोणत्या शब्दाला आपण आत शिरायचं. तो शब्द ऐकला की झोपेत असलो तरी शिरायचं.

आणि तालमीत खेळाची काय, कवितेचीही शेवटची ओळ कुणी उच्चारत नाही. अपशकुन. तिथे आलं की मि. कॉइल नुसतं “टंटं टंटं टं” म्हणतात आणि सगळे जेवायला जातात. परवा नव्या मुलीने चुकून म्हटली, तर तिला बाहेर काढून तीनदा गोल फिरायला लावलं.

तुमची कविता आता दुसऱ्या भागात घातली आहे. मॅनेजर मि. स्पर्लिंग यांनाच तसं वाटलं. त्यामुळे त्यात थोडी, कशी सांगू, सजावट झाली आहे. ‘हाक ऐकता येइ कोंबडी’ या ओळीला एक कोंबडी येते. मग शेळी येते. बाबा, ती कोंबडी म्हणजे

घंटा झाली. मि. कॉइल दार ठोठावताहेत: “शाळाबाई, फाटक लावा, वारा येतोय!” पुढच्या पत्रात नीट लिहिते.

तुमची,
लव्हडे

ता. क. ॲडिलेडचा प्रवास फार लांबचा आहे. विचार करा.

*

मूंटा
२५ मार्च १९२१

प्रिय लव्हडे,

तुझं पत्र मी चारदा वाचलं आणि पाचव्यांदा मिसेस हॉकिंगना वाचून दाखवलं. आम्हा दोघांनाही जहाज इजिप्तला कसं पोचलं ते कळलं नाही. मधे वाळवंट नाही का लागत? आणि सासूला जर माहीत आहे की हा आपला जावई, तर ती बोलत का नाही? मिसेस हॉकिंग म्हणाल्या, “सासू आणि गप्प? ह्यावरूनच कळतं की नाटक आहे.”

पण कोंबडीचं वाचून मन भरून आलं. रंगमंचावर जिवंत कोंबडी! आमच्या काळी कविता म्हणताना नुसता डावा हात पुढे करत असू आणि ऐकणाऱ्याने कोंबडी पाहून घ्यायची. शहराची गोष्टच वेगळी. मात्र मला काही शंका आहेत. तुझ्या आईची कोंबडी तांबडी होती, मानेवर काळी पिसं. पांढरी आणली असेल तर ती कवितेत शोभणार नाही, उगाच श्रीमंत घरची वाटेल. ती हाकेला खरोखर येते का? की कुणी मागून ढकलतं? ‘पिसे झाडुनी पायापाशी’ हे ती कशी करते? बँडच्या आवाजाला बिचकत नाही? आणि शेळीला पाला ताजा देतात ना? ‘तोंडी अर्धा पाला घेउनि’ असं मी लिहिलं आहे, ते वाळलेल्या गवताने साधणार नाही.

चॅपलमध्ये रविवारी कुजबुज झालीच. जुने खाणकामगार म्हणाले, “मास्तर, तुमची पोर नाटकवाल्यांत गेली म्हणे.” मी ताठ उभा राहिलो आणि म्हटलं, “त्या नाटकात माझी कविता आहे, एक शेळी आहे आणि एक कोंबडी आहे. जिथे कोंबडी असते तिथे पाप फारसं होत नाही.” नंतर रात्रभर मलाच प्रश्न पडला की मी काय बोललो.

तुला वेळ नसतो म्हणून कोंबडीविषयी मी थेट मि. कॉइलनाच लिहिलं आहे. तिथली जनावरं तेच सांभाळत असावेत असा माझा अंदाज.

तुझा,
बाबा

*

सिडनी, थिएटरच्या मागच्या दारातून
४ एप्रिल १९२१

सन्माननीय मि. ट्रेगिअर यांस,

साहेब, तुमचं पत्र मिळालं. अक्षर बघूनच मी टोपी काढली. असं अक्षर मला लहानपणी फक्त छडी पडण्याआधी दिसायचं.

तुम्ही विचारलंत की कोंबडी कोणत्या जातीची आहे, तिला मागून ढकलावं लागतं का, आणि खेळ झाल्यावर ती कुठे झोपते.

साहेब, कोंबडी मीच आहे. शेळीही मीच. जात आयरिश. झोपतो भाड्याच्या खोलीत.

मला वाटलं होतं पोरीने सांगितलं असेल. तिने सांगितलं नाही हे तुमच्या पत्रावरून कळलं, आणि मी पेटीवर बसून राहिलो. आता अर्धवट सांगण्यात अर्थ नाही.

त्याचं झालं असं. फेब्रुवारीत तुमची मुलगी पहिल्या भागात कविता म्हणायची. एकटी, पांढऱ्या झग्यात. लोक सभ्यपणे खोकायचे. त्या आठवड्याचं आमचं प्रहसन शेतावरचं होतं आणि मला कोंबडी होऊन यायचं होतं. माझा इशाऱ्याचा शब्द ‘कोंबडी’. मी पिसं लावून पडद्याआड स्टुलावर डुलकी घेत होतो. कुणीतरी म्हणालं, ‘कोंबडी.’ मी उठलो आणि शिरलो. पंचवीस वर्षं हेच करतोय साहेब, इशारा ऐकला की पाय माझं ऐकत नाहीत. मध्यभागी पोचल्यावर बघतो तर पुढे तुमची मुलगी. लोक हसले असे, की मी आयुष्यात तसं हसू ऐकलेलं नाही. मला पळून जाता आलं असतं. पण आमच्यात एक नियम आहे, चुकून शिरलेला माणूस मुद्दाम शिरल्यासारखा वागतो. मी तिच्या पायांपाशी पिसं झाडली.

तिने काय करावं? ती थांबली नाही. पुढची ओळ म्हणाली, शेळीची. मग मला शेळी होणं भाग होतं. मग नवऱ्याची ओळ आली. मी कुणाचातरी कोट ओढला, बँडवाल्याच्या वह्या काखेत मारल्या, शेतासाठी मांडलेल्या फाटकाला अडखळून पडलो. बँडवाल्याला वाटलं, संपलं. त्याने जोरात नाचाचं गाणं सुरू केलं आणि नाचणाऱ्या मुली आत आल्या. शेवट कुणी ऐकलाच नाही. तेव्हापासून रोज असंच.

त्या संध्याकाळी ती कपड्यांच्या खोलीत झग्यांच्या मागे जाऊन उभी राहिली होती. रडत नव्हती. मी म्हटलं, “शाळाबाई, शिव्या द्या.” ती म्हणाली, “ती माझी आई आहे, मि. कॉइल.” मी तेव्हापासून कोंबडी नीट करतो. म्हणजे, टिंगल म्हणून करत नाही. फरक मला सांगता येणार नाही.

आता तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही ‘नको’ लिहिलंत तर मी पिसं उतरवतो. पण मॅनेजर स्पर्लिंग म्हणतो, “कोंबडी नाही तर कविता नाही, आणि कविता नाही तर ती मुलगी तरी कशाला?” तो तिला पहिल्या गाडीने तुमच्याकडे परत पाठवील. ती नटी चांगली होणार आहे साहेब. कोंबडी समोर असताना जी ओळ विसरत नाही, ती कशालाच घाबरणार नाही.

हो की नाही, तेवढं कळवा. तिला सांगू नका की मी लिहिलं.

तुमचा नम्र,
बार्नाबी कॉइल

ता. क. त्या कवितेची शेवटची ओळ काय आहे हो? ती एकटी म्हणायची तेव्हा आम्ही सगळे आत रंग लावत असायचो, तालमीत म्हणत नाहीत आणि आता खेळात बँड तिच्यावर चढतो. मंडळीत कुणालाच माहीत नाही.

*

सिडनी
९ एप्रिल १९२१

प्रिय बाबा,

घाईत लिहिते. आम्ही येत्या आठवड्यात ॲडिलेडला निघतोय.

तुम्ही येऊ नका. कविता खेळातून काढली आहे. प्रहसनं बदलतात ना दर आठवड्याला, तशी तीही गेली. आता मी फक्त मागे उभी राहून गाते. म्हणजे तुम्ही पाहण्यासारखं काही उरलेलं नाही. शिवाय ॲडिलेडमध्ये सध्या खोकल्याची साथ आहे म्हणतात आणि तुमची छाती नाजूक.

कोंबडीविषयी तुम्ही मि. कॉइलना लिहिलंत का खरंच? ते काही बोलले नाहीत. दोन दिवस मात्र माझ्याशी फार आदराने वागताहेत, त्याची भीती वाटते.

केशरी केक कुणाच्या हातून पाठवू नका. मागच्या वेळी तारेवर चालणाऱ्याने एकट्याने खाल्ला आणि मग पडला.

तुमची,
लव्हडे

*

मूंटा
१४ एप्रिल १९२१

मि. कॉइल यांस,

महाशय,

माझ्या टेबलावर या घडीला दोन पत्रं आहेत. एक तुमचं आणि एक माझ्या मुलीचं. तुमच्या पत्राप्रमाणे माझी कविता रोज होते आणि तिच्यात तुम्ही कोंबडी असता. तिच्या पत्राप्रमाणे कविता काढून टाकली आहे. माझी मुलगी आजवर माझ्याशी एकदाच खोटं बोलली होती, तेही शेजारच्या जर्दाळूंविषयी. आणि तुम्ही, तुमच्याच लिहिण्याप्रमाणे, व्यवसायाने कोंबडी आहात. विश्वास कुणावर ठेवायचा?

तुमचं पत्र वाचून मला राग यायला हवा होता. मी त्याची वाट पाहत अंगणात फेऱ्या मारल्या. तो येईना. त्याऐवजी सारखं एकच मनात येत होतं, की नवरा फाटकाला अडखळतो हे ह्या मनुष्याला कुणी सांगितलं? कवितेत तसं नाही. मी मात्र रोज अडखळत असे. खालची बिजागरी सैल होती.

तुम्ही ‘हो की नाही’ विचारलंत. चाळीस वर्षं मी मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. न वाचलेल्या पत्रिकेवर मी कधी खूण केली नाही. तेव्हा मी येऊन पाहीन आणि मग सांगेन. कोणत्या दिवशी ते मलाच ठाऊक नाही, कारण मिसेस हॉकिंगचे दीर ॲडिलेडला लोकर घेऊन जातील तेव्हा त्यांच्याबरोबर यायचं आहे. लव्हडेला कळवू नका. मी येणार म्हटलं की ती शेवटाकडे पळते.

शेवटच्या ओळीविषयी: ती पत्रातून पाठवण्यासारखी नाही.

ए. ट्रेगिअर
निवृत्त मुख्याध्यापक

*

ॲडिलेड
२८ एप्रिल १९२१

बाबा,

तुम्ही कुठे गेलात?

मी आणि मि. कॉइल काल थिएटरच्या बाहेर दोन्ही बाजूंच्या रस्त्यांनी धावलो. ते नवऱ्याच्या कोटात आणि खाली शेळीचे पाय तसेच. एका पोलिसाने त्यांना थांबवलं. ते म्हणाले, “एक म्हातारा मास्तर पाहिलात का?” पोलीस म्हणाला, “तुम्ही आधी आत चला, तुम्हालाच कुणीतरी शोधत असेल.”

तुम्ही तिथून निघालात तेव्हा पुढचं तुम्हाला कळलं नसेल, आणि मलाही जे झालं ते अजून नीट कळलेलं नाही, म्हणून जसं आठवतं तसं लिहिते. चुकलं तर दुरुस्त करा.

बुधवारचा दुपारचा खेळ. गॅलरीत बाया, पोरं, संत्र्यांची सालं. मी फाटकापाशी उभी राहिले. कोंबडी झाली, लोक हसले. शेळी झाली. मग ‘तिसरी हाक नि मीही येई, वह्या मुलांच्या काखी मारुनि’. मि. कॉइल आले, अडखळले, वह्या उधळल्या. लोक हसून लोळत होते. बँडवाल्याने काठी उचलली, मुली निघाल्या. आणि वरून आवाज आला.

“थांबा! कविता अजून संपलेली नाही.”

बाबा, बँड थांबला! मि. स्पर्लिंग ओरडले तरी जो थांबत नाही तो बँड. कर्णेवाल्याने तर हात मागे बांधले. अख्ख्या गॅलरीत पाठी ताठ झाल्याचा आवाज आला मला. एका पोराने तोंडातली संत्र्याची फोड काढून खिशात ठेवली.

मग तुम्ही म्हणालात, “लव्हडे ट्रेगिअर. शेवटचं कडवं.”

मला तुम्ही दिसत नव्हता, समोरच्या दिव्यांनी काहीच दिसत नाही. पण माझे पाय आपोआप जुळले. मी तिथे नव्हतेच, आपल्या शाळेत खिडकीजवळच्या बाकापाशी होते. मी श्वास घेतला. पळाले नाही, हे तुम्ही पाहिलंत ना?

आता फाटक तसेच उघडे,
वारा येतो, वारा जातो.
साऱ्यांना जी हाका घाली,
तिला हाक मग कोण घालतो?

आणि मग मला भीती वाटली ती मि. कॉइलची. कारण त्यांचा नियम आहे, गॅलरीतून काहीही आलं, शिवी असो की कोबीचा गड्डा, त्याला उत्तर दिल्याशिवाय सोडायचं नाही. पंचवीस वर्षांत ते कधी अडले नाहीत. ते गुडघ्यांवर वह्या गोळा करत होते. ते उठले. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग वर अंधारात. आणि टोपी काढून म्हणाले,

“मास्तर, याचं उत्तर मला येत नाही.”

आणि वरून तुम्ही म्हणालात, “मलाही येत नाही. बस खाली.”

ते बसले. फळीवर, मांडी घालून. आणि मग जे हसू आलं, बाबा! पण ते हसू रोजचं नव्हतं. पुढच्या रांगेतली एक बाई हसता हसता नवऱ्याच्या बाहीने डोळे पुसत होती. मी हसत होते. मी रडतही असेन. बँडवाल्याला काय वाजवावं समजेना, त्याने राष्ट्रगीत वाजवलं आणि सगळे उभे राहिले. तिथेच पडदा पडला. इजिप्त झालंच नाही.

आत मि. स्पर्लिंग नाचत होते. “तो म्हातारा गॅलरीत कुणी बसवला? कुणाची कल्पना? मला तो रोज पाहिजे! दुपारी आणि संध्याकाळी!” मि. कॉइल म्हणाले, “तो बसवलेला नव्हता, तो तिचा बाप होता.” त्यावर मि. स्पर्लिंग म्हणाले, “बाप? वा! वेषभूषेचा प्रश्नच मिटला.”

मी तुम्हाला खोटं लिहिलं. कविता काढलेली नव्हती. तुमचं दुःख मी लोकांसमोर कोंबडीच्या हवाली केलं, आणि ते मला सांगवेना. मि. कॉइलनी मला काल सगळं सांगितलं, तुमची पत्रं, त्यांची पत्रं. म्हणजे महिनाभर मला सोडून सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि मी मात्र तुम्हाला खोकल्याच्या साथीने घाबरवत होते!

कालच्या संध्याकाळी मी कविता म्हटली नाही. घसा बसला म्हणून सांगितलं. मि. स्पर्लिंगनी सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. तुम्ही ‘नको’ म्हणालात तर मी सामान बांधून घरी येते. मनापासून सांगते. रागावले असाल तर तेही लिहा. पण काहीतरी लिहा, नाहीतर तुम्ही तसे न बोलता का गेलात हे मला जन्मभर कळणार नाही.

तुमची,
लव्हडे

*

मूंटा
३० एप्रिल १९२१

प्रिय लव्हडे,

न बोलता गेलो कारण मिसेस हॉकिंगचे दीर बाहेर गाडी धरून उभे होते आणि ते गॅलरीच्या पायरीला पाय लावायला तयार नव्हते. शिवाय मला आत येऊन काय बोलावं ते समजत नव्हतं. अजूनही समजत नाही. तरी लिहायला घेतलं आहे, कारण तुझी सोमवारची मुदत.

मी काय पाहिलं ते सांगतो. मी नाराज व्हायची तयारी करून बसलो होतो. शेजारी एक जाडजूड बाई सोललेले शेंगदाणे खात होत्या. म्हणाल्या, “घ्या आजोबा, आता कोंबडी येते.” मी म्हटलं, “मला माहीत आहे.” जरा ताठ्यानेच म्हटलं. मग तो मनुष्य आला. पोरी, त्याने मान अशी तिरकी केली आणि एका डोळ्याने तुझ्याकडे पाहिलं, आणि मी हसलो. मोठ्याने. मला वाटलं दुसरं कुणी हसलं. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली.

तुझी आई गेल्यापासून मी हसलो नव्हतो हे मला तिथे कळलं. तोवर ते लक्षातच आलं नव्हतं.

मग नवरा आला. वह्या काखेत, नजर वर, डोक्यात कुठलीतरी ओळ घोळते आहे, आणि फाटकात पाय. अगदी असाच मी. आणि तुझी आई, हे तुला माहीत नाही, कारण ती तू झोपल्यावर करायची, स्वयंपाकघरात माझी हुबेहूब हीच नक्कल करायची. टोपलीत वह्यांऐवजी बटाटे घेऊन. मी कवितेत तिचं हाका मारणं लिहिलं, दिवेलागण लिहिली, वारा लिहिला. ती किती थट्टेखोर होती, हे मात्र एका ओळीतही आलं नाही. ते त्या अनोळखी आयरिश माणसाने शेळीचे पाय घालून आणलं. हे कसं झालं? मी परत येताना गाडीत सारखा विचार करत होतो. हॉकिंगचे दीर मेंढ्यांच्या भावाविषयी बोलत होते, मी “हो हो” म्हणत होतो. मधेच मला पुन्हा हसू फुटलं. त्यांनी गाडी थांबवली आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

उभं राहण्याचं मी ठरवलं नव्हतं. बँडवाल्याने काठी उचलली आणि मला दिसलं की एक मूल शेवटची ओळ न म्हणताच जागेवर बसतंय. बाकी शाळेच्या सवयीने झालं. ‘मलाही येत नाही, बस खाली’ हे मी विनोद म्हणून बोललो नाही. खरंच येत नाही म्हणून बोललो. लोक का हसले ते मला सांग. आणि ते हसल्यावर मला बरं का वाटलं, तेही जमलं तर सांग.

तू पळाली नाहीस. मी पाहिलं.

आता उत्तर. मि. स्पर्लिंगना माझा नमस्कार सांग आणि सांग की मी रोज येणार नाही. तो प्रश्न मी दुपारी आणि संध्याकाळी विचारत बसलो तर मला उत्तर न येण्याची सवय होईल, आणि ती मला नको आहे. पण कविता राहू दे. कोंबडी राहू दे. बँडवाल्याला बजाव की शेवटच्या ओळीआधी काठी उचलायची नाही. ओळ झाल्यावर मि. कॉइलनी काय बोलायचं ते त्यांनाच ठरवू दे. त्यांना रोज नवीन काही सुचत असेल तर कदाचित एखाद्या दिवशी उत्तरही सुचेल. सुचलं तर मला तार करायला सांग.

तू सामान बांधू नकोस.

इथली बातमी. आज सकाळी दुकानापाशी चॅपलचे चारपाच जण आणि मिसेस हॉकिंग यांनी मला घेरलं. “मास्तर, मग काय पाहिलंत तिथे?” मी सांगू लागलो. फाटक, हाक, बँड, राष्ट्रगीत. माझं मलाच कळेना मी काय सांगतोय. त्यांचे चेहरे लांब होत गेले. शब्दांत ते येतच नव्हतं, मग मी काळा कोट मागून वर उचलला, मान तिरकी केली, आणि दुकानाच्या दारापासून पिंपापर्यंत कोंबडी करून दाखवली.

कुणी हसलं नाही. एकेक जण घड्याळ पाहून निघून गेला. उद्या चॅपलमध्ये माझ्यासाठी प्रार्थना होईल असं दिसतं.

मिसेस हॉकिंग मात्र पिंपाला धरून उभ्या राहिल्या. त्यांची पाठ हलत होती म्हणून मी घाबरलो. मग डोळे पुसून, इकडेतिकडे पाहून, हळूच म्हणाल्या, “मास्तर, आणि शेळी?”

तुझा,
बाबा